घरपोच मागवलेले नेपियरचे डोळे: माझा अनुभव, पाचपैकी तीन तारे

आमच्याकडे माण तालुक्यात पावसाचा भरवसा नाही, त्यात गोठ्यात चार संकरित गायी. म्हणून जूनच्या शेवटी मोबाईलवर जाहिरात बघून 'सुपर नेपियर' या चाऱ्याच्या गवताचे पाचशे डोळे, म्हणजे लावायच्या कांड्या, मागवले. दोन रुपयाला एक डोळा, भाडं वेगळं. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी तो माणूस शब्दाला जागला.

पोतं सहाव्या दिवशी आलं. तोंड सोडलं आणि आंबूस वास नाकात गेला. आत ओलं बारदान नाही, पाला नाही, नुसत्या कांड्या कोंबलेल्या. ओसरीवर बसून मोजल्या तर ४६८ भरल्या. पुष्कळांची टोकं चिरलेली, म्हणजे कोयत्यानं एका घावात कापलेल्या नव्हत्या. कांडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, नखानं टोकरला की खाली हिरवं दिसायला हवं. बऱ्याच ठिकाणी चॉकलेटी निघालं. आत्या (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "चुलीत घाल." मी तरी रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी अडीच गुंठ्यांत तीन बाय दोन फुटांवर लावल्या, प्रत्येक कांडीचा एक डोळा मातीत, एक वर.

एकविसाव्या दिवशी ओळीनं मोजलं. ३०२ फुटल्या होत्या. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर पहिलं उत्तर ठरलेलं: "ताई, पाणी कमी पडलं असेल." पोत्याचा पहिल्या दिवशीचा व्हिडिओ पाठवल्यावर सूर बदलला आणि शंभर डोळे एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी दहिवडीला आले. ते ताजे होते, बहुतेक सगळे लागले. म्हणजे वाण वाईट नव्हता, सहा दिवसांचा प्रवास वाईट होता. उरलेल्या नांग्या (न फुटलेल्या रिकाम्या जागा) मी विकत घेऊन भरल्याच नाहीत. एक ओळ न कापता राखली आणि तीन महिन्यांनी कांडी पक्व झाल्यावर तिचेच डोळे वापरले.

आता जाहिरातीतल्या फोटोबद्दल. गवतात उभा माणूस दिसत नाही इतकी उंची दाखवतात. एवढं वाढू दिलं तर त्याचा ऊस होतो. गाय पानं ओरबाडते आणि दांडे गव्हाणीत पडून राहतात. बारीक तुकडे करून कुट्टी केली तरी तोंड फिरवते. मी पहिली कापणी सत्तर दिवसांनी केली, पुढच्या पन्नासच्या आत. थंडीत मात्र वाढ खुंटते, तेव्हा थांबावं लागतं. बुंधा चार-सहा बोटं राखून कापायचं, मग शेणखत आणि मुठीनं युरिया, लगेच पाणी. जमिनीलगत छाटलं की ठोंब मरतो, हे एका कोपऱ्यात मी स्वतः करून बघितलंय, मुद्दाम नव्हे, घाईत.

आणखी एक. पहिल्या कापणीच्या आनंदात आठ दिवस नुसतं नेपियर घातलं. शेण पातळ झालं, रोजचं दूधही घटलं. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं, ते चुन्याला म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवतं, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. आता निम्म्याच्या आसपास नेपियर, जोडीला मेथीघास आणि थोडा कडबा, वरून खनिज मिश्रण. हे पाकिटावर लिहायला हवं होतं. पाकीटच नव्हतं म्हणा.

'सुपर' या शब्दाला भुलू नका. हे बाजरी आणि नेपियरचं संकर, त्याला उगवणारं बी धरत नाही. कुणी 'नेपियरचं बी' विकत असेल तर हात जोडून फोन ठेवा. राहुरी विद्यापीठाच्या फुले जयवंत या नेपियरच्याच वाणाचे ठोंब माझ्या मावसभावाकडे आहेत. त्याच्या पानाला कूस (टोचणारी बारीक लव) कमी, कापताना हाताला खाज येत नाही. पुन्हा लावायचं झालं तर मी ते त्याच्याकडून आणेन, दोन तासांत शेतात.

मार्चअखेर पाचवी कापणी झाली. वाडीतल्या दोघींनी डोळे मागितले, तर सकाळी सहाला कापून ओल्या बारदानात बांधून दिले.