वॉरंटी संपलेली इलेक्ट्रिक कार: ठेवावी की विकावी?

निर्णयाआधी बॅटरीची उरलेली क्षमता तपासून घ्या. डॅशबोर्डवरच्या रेंजच्या (एका चार्जमध्ये गाडी किती जाईल त्या) आकड्यावर जाऊ नका.

बॅटरीची वॉरंटी बहुधा 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर असते. ती संपली की गिऱ्हाईक बिचकतं, भाव पडतो. म्हणजे विकताना घसरलेली किंमत पदरी पडते. ठेवली तर तीच गाडी पुढे स्वस्तात पळते.

जोखीम मात्र ठेवणाऱ्याच्या गळ्यात. बॅटरीचा अख्खा पॅक बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीवरही जाऊ शकतो. काही गाड्यांमध्ये पॅकमधलं एखादंच मॉड्यूल (सेलचा एक गट) बदलता येतं, हे आधीच विचारून ठेवा. ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतच बसवलेला चार्जर गेला तरी खिसा हलका होतोच.

रोजची धाव रेंजच्या निम्म्यात बसत असेल, घरी चार्जिंग असेल, तर ठेवा. लांबचे प्रवास वारंवार, दुरुस्ती करणारा जवळ नाही? मग धडधाकट आहे तोवर विका.