केएलआर ६५० की डीआर ६५०?

दोन्ही डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या मोटरसायकली. दोन्ही एकाच सिलिंडरच्या, दोन्हींना पाच गिअर, आणि दोन्हींच्या मूळ रचना गेल्या शतकातल्या. फरक कळतो तो गाडी आडवी पडल्यावर.

सुझुकीची डीआर ६५० साधारण १६६ किलोची, कावासाकीची केएलआर ६५० दोनशेच्या वर. दिवसभर दगड-वाळूत दमल्यावर हे ४० किलो एकट्याने उचलताना फार जाणवतात. डीआरचं इंजिन हवा-तेलावर थंड होतं. फुटायला रेडिएटरच नाही. व्हॉल्व्हची फट स्क्रू-नटने जुळवता येते, म्हणजे साधा पाना आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुरे. केएलआरला त्यासाठी शिम, म्हणजे नेमक्या जाडीच्या चकत्या लागतात, शिवाय व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट काढावे लागतात. ते काम रानात कोण करणार?

पण लांब पल्ल्याचं गणित वेगळं. केएलआरची टाकी २३ लिटरची, डीआरची जेमतेम १३. वर डीआरची मूळ सीट म्हणजे निव्वळ फळी! केएलआरला वाऱ्यापासून आडोसा आहे, आणि २०२२च्या मॉडेलपासून फ्युएल इंजेक्शन असल्याने उंचावर कार्ब्युरेटरची कुरकुर नाही.

जुनी केएलआर घेत असाल तर बॅलन्सर चेनचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या भागाच्या चेनचा) टेन्शनर लिव्हर, म्हणजे ती चेन ताणून धरणारा भाग, बदललाय का, ते आधी विचारा. तो तुटण्याबद्दल बदनाम आहे. डीआरमध्ये गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे दाखवणाऱ्या स्विचचे इंजिनातले स्क्रू सैल होतात, तेही पाहून घ्या.

प्रवासात निम्म्याहून जास्त डांबरी रस्ता असेल तर केएलआर. मी मात्र डीआर घेऊन तिला मोठी टाकी बसवीन. टाकी बदलता येते, वजन घटवणं अवघड.