चिंचोक्याची पावडर: पुस्तकबांधणीसाठी घ्यावी का?

घ्यावी, पण तेल काढलेलीच. साधी पावडर स्वस्त पडते. मात्र तिच्यात बियांतलं तेल राहतं आणि पाकीट जुनं झालं की खवट वास मारतो. विकत घेताना चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी. तांबूस ठिपके दिसले तर टरफल नीट निघालेलं नाही, आणि टरफलातलं टॅनिन कागदावर डाग पाडतं. पिवळसर पांढरी, मैद्यासारखी मऊ असेल ती चांगली.

चिकटपणा येतो झायलोग्लुकनमुळे: ग्लुकोजची लांब साखळी, तिला झायलोज आणि गॅलॅक्टोजच्या फांद्या. थंड पाण्यात ते फुगतं, पण पूर्ण विरघळत नाही, म्हणून पावडर पाण्यात शिजवून तिची खळ, म्हणजे चिकट लापशी, करावी लागते. 'ही खळ धरतच नाही' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा पावडर कच्ची राहिलेली असते.

कागद आणि पुठ्ठ्यासाठी १ लिटर पाण्याला ८० ग्रॅम, कापडाला नुसतं कडक करायचं तर ५० ग्रॅम पुरे. पावडर २०० मिलि थंड पाण्यात कालवून अर्धा तास ठेवावी. उरलेलं पाणी गरम करून त्यात हे मिश्रण बारीक धारेने, सतत ढवळत सोडावं. उकळत्या पाण्यात कोरडी पावडर टाकली की प्रत्येक गुठळीवर चिकट साय धरते आणि आतली पावडर कोरडीच राहते. मग कितीही ढवळा. मंद आचेवर २० ते ३० मिनिटं शिजवावी. पिठूळ पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की झाली. गरम असतानाच मलमलीतून गाळून घ्यावी.

पुस्तकाच्या उभ्या कण्यावर खळ ओघळत असेल तर लिटरला १ ग्रॅम झँथन गम चिंचोक्याच्या पावडरीत कोरडाच मिसळावा. झँथोमोनास कँपेस्ट्रिस हा जिवाणू साखर आंबवून तो तयार करतो. तो दाटपणा देतो; चिकटवण्याचं काम मात्र चिंचोक्यालाच करावं लागतं.

खळ पातळ लावावी. जाड थराने कागद भिजून सुरकुततो आणि पावसाळ्यात बुरशी धरतो. वर बटर पेपर ठेवून रात्रभर दाबाखाली ठेवावं. पांढऱ्या कृत्रिम गोंदाचं काम अर्ध्या तासात उरकतं, त्यामुळे घाईच्या ऑर्डरीला ही खळ उपयोगाची नाही. प्लास्टिक किंवा लॅमिनेशनवर ती बसत नाही, आणि पाण्यापुढे टिकत नाही.

पण जुन्या पोथीच्या दुरुस्तीत हाच गुण ठरतो. ओलसर टिपकागद ठेवला की जोड सुटतो, पान फाटत नाही. कृत्रिम गोंद वाळल्यावर ही सोय उरत नाही. सावंतवाडीच्या गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, कापड याच खळीने तयार करतात, दख्खनच्या घोंगड्यांनाही ती लावतात. कापड आणि लोकरीवरची तिची पकड जुनी आणि पारखलेली आहे.

टिकाऊपणात ही पावडर कमी पडते. शिजवलेली खळ बाहेर ठेवली तर दमट हवेत दुसऱ्या दिवशीच आंबते, फ्रिजमध्ये चारेक दिवस राहते. तिच्यातली प्रथिनं आणि शर्करा झुरळांना आणि कसरीला आवडतात. त्यासाठी बांधणीवाले मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालतात. हिशेबाच्या वह्यांना ते ठीक, पण जपून ठेवायच्या पोथ्यांना नाही, कारण तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो. मोरचूद विषारी असल्याने लहान मुलांच्या पुस्तकांतही घालू नये. तिथे लागेल तेवढीच ताजी खळ शिजवावी.