एक्स्टेंडेड वॉरंटी: दोन गाड्या, दोन हिशोब

गेल्या महिन्यात नाशिकहून भाच्याचा फोन आला. शोरूममधूनच. मागे पेढ्यांचा बॉक्स उघडल्याचा आवाज, कुणाच्या तरी गाडीची चावी देतानाच्या टाळ्या, आणि हा दबक्या आवाजात, "मामा, पाच वर्षांच्या वॉरंटीचे चोवीस हजार सहाशे वेगळे मागतायत. लोनमध्येच टाकतो म्हणतायत, हप्त्यात कळणारही नाही. हो म्हणू का? पाच मिनिटांत सांग."

पाच मिनिटांत एकच सांगितलं, की आज सही करू नकोस. बाकीचं रात्री बसून बोललो. तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही आणि शोरूममध्ये याचं उत्तर मिळत नाही.

आमच्या घरातल्या दोन गाड्यांपासून सुरुवात करतो. दोन्हींवर ही एक्स्टेंडेड, म्हणजे कंपनीची मुदत संपल्यावर पुढे चालणारी, वॉरंटी पैसे भरून घेतली होती. एक घेतली ती चूक झाली, दुसरीने घर सावरलं.

माझी गाडी

२०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, साधा हाताचा गिअर. कंपनीची दोन वर्षं होती, वर दोन वर्षांची मी ८,९०० रुपयांना घेतली. त्या दोन वर्षांत वॉरंटीतून काय बदललं? ड्रायव्हरच्या काचेचा स्विच आणि एका दाराचं लॉक. मजुरीसकट ५,१५० रुपयांचं काम. म्हणजे पावणेचार हजारांचं नुकसान, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

खरं नुकसान जास्त होतं. वॉरंटी टिकवायची म्हणून त्या दोन्ही वर्षी सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरलाच केलं: एकदा ६,४००, एकदा ९,२००. त्यात एसी डिसइन्फेक्टंट, इंजिन ड्रेसिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग अशा ओळी होत्या. या ओळी ॲडव्हायझर इतक्या सहज वाचून दाखवतो, की नाही म्हणायला आपल्यालाच संकोच वाटतो. वॉरंटी संपल्यावर सातारा रोडवरच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. तेच ऑइल, तेच फिल्टर, डबा माझ्यासमोर फोडलेला. त्या हिशोबाने आधीची दोन्ही सर्व्हिसिंग साडेआठ हजारांत झाली असती. म्हणजे ८,९०० ची वॉरंटी मला सोळा हजारांना पडली आणि तिने सव्वापाच हजारही परत दिले नाहीत.

वॉरंटीची अर्धी किंमत अशी पावतीवर नसतेच. ती पुढची दोन-तीन वर्षं सर्व्हिसिंगच्या बिलांतून जाते. शोरूममध्ये २४,६०० चा आकडा दिसतो, तेव्हा त्यात दरवर्षीचे तीन-चार हजार मनातल्या मनात मिळवायचे आणि मग ठरवायचं.

मेहुण्याची गाडी

२०१९ ची टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. तीन वर्षं कंपनीची, वर दोन वर्षं ३१,००० रुपयांना. मी तेव्हा त्याला हसलो होतो.

२०२३ च्या गणपतीत खंबाटकीच्या चढाला, ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी चाललेला असताना, गाडीने आधी हिसके दिले, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागला, मग गाडी हलेना. तिथून टो करून पुण्यात. तिसऱ्या दिवशी एस्टिमेट आलं: १,८६,४०० रुपये. गिअर आणि क्लच चालवणारं हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक युनिट गेलं होतं. ते दुरुस्त करत नाहीत, अख्खं बदलतात.

वॉरंटी होती, पण लगेच चालली नाही. सेंटरने सगळा सर्व्हिस रेकॉर्ड काढला. २०२२ सालच्या एका सर्व्हिसची तारीख उलटून दोन महिने झाले होते. किलोमीटर भरले नव्हते म्हणून मेहुणा निवांत राहिला होता. पुस्तिकेत मात्र "किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते" असं होतं. क्लेम अडकला. पंधरा दिवस मेल, फोन, एरिया मॅनेजर. शेवटी ज्याला ते लोक 'गुडविल' म्हणतात त्या वाटेने सुटला: सत्तर टक्के कंपनीने, तीस टक्के ह्याने. त्याचे ५५,९२० गेले, १,३०,४८० वाचले. वॉरंटीचे पैसे वजा केले तरी निव्वळ नव्वद हजारांच्या वर फायदा.

आणि जादा सर्व्हिसिंगचं म्हणाल, तर त्याला तसाही पर्याय नव्हता. तसल्या गिअरबॉक्सला हात लावणारा माणूस आमच्या गल्लीत नाही.

मग फरक कशात?

नशिबात, असं मेहुणा म्हणतो. मी म्हणतो गिअरबॉक्समध्ये. साध्या पेट्रोल इंजिनाच्या, हाताच्या गिअरच्या गाडीत चौथ्या-पाचव्या वर्षी जे जातं, ते बहुतेक घासून जाणारं असतं: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, वायपर. आणि घासून जाणारं काहीही वॉरंटीत बसत नाही, एक्स्टेंडेडमध्येही नाही. टायर आणि बॅटरीची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपन्यांची. जे बसतं ते इंजिनाचे आतले भाग, गिअरबॉक्स, स्टिअरिंगची मोटर, एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), फ्युएल पंप, आणि योजनेनुसार समोरची टचस्क्रीन. साध्या गाडीत हे सहसा तेवढ्यात जात नाही. गेलं तर कॉम्प्रेसरचा किंवा स्टिअरिंगचा दणका बसतो, पण पोटाला चिमटा काढून भरता येतो.

टर्बो, ड्युअल क्लच, मोठी स्क्रीन, पुढच्या काचेवरचा कॅमेरा आणि बंपरमधला रडार आला, की एकेका भागाची किंमत महिन्याच्या पगाराशी जाऊन भिडते. तिथे वॉरंटी म्हणजे विमाच: बहुतेकांचे पैसे फुकट जाणार, एखाद्याचे लाख-दीड लाख वाचणार.

एएमटी हा ऑटोमॅटिकचा साधा प्रकार या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. आत साधा गिअरबॉक्स, वर तो चालवणारा ॲक्च्युएटर. ॲक्च्युएटर गेला तर खर्च चांगलाच लागतो, पण लाखात नाही. एएमटीवाल्याला मी गाडीवरून नाही, वापरावरून सांगतो.

डिझेलवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. एप्रिल २०२० पासूनच्या, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमातल्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत, असं चालवलं तर तो पुरेसा तापत नाही आणि चोंदतो. सेंटर म्हणतं, हा वापराचा दोष. म्हणजे डिझेलमधली ज्या खर्चाची भीती सगळ्यात खरी, तिथेच वॉरंटी डगमगते. घेण्याआधी डीपीएफ आणि इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर यांबद्दल लेखी विचारा.

किलोमीटरचं गणित

मारुतीने जुलै २०२४ पासून मूळची दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. तेव्हा जाहीर झालेल्या वाढीव योजनांत चौथं वर्ष १,२०,००० पर्यंत, पाचवं १,४०,००० पर्यंत, सहावं १,६०,००० पर्यंत. आता समजा, तुमचं पुणे-मुंबई येणंजाणं असतं आणि वर्षाला ४०,००० होतात. मूळ वॉरंटी तुम्हाला अडीच वर्षांत संपते आणि पाच वर्षांची साडेतीन वर्षांत. दोन वर्षांचे पैसे भरून हातात वर्ष पडलं. तीन वर्षांच्या मूळ वॉरंटीवर किलोमीटरची मर्यादा न ठेवणाऱ्याही कंपन्या आहेत, ह्युंदाई आणि होंडासारख्या. जास्त फिरणाऱ्याने गाडी निवडतानाच हे बघावं, नंतर नाही.

उलट, निवृत्त माणूस, वर्षाला पाच हजार, भाजी आणि देऊळ आणि महिन्यातून एकदा मुलीकडे. पाच वर्षांत पंचवीस हजार. त्याच्या गाडीत यंत्र झिजणार नाही, त्रास देईल तो पडून राहण्याचा: उतरलेली बॅटरी, सपाट झालेले टायर, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. यातलं काहीच वॉरंटीत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर त्यांनी घेऊ नये. तेवढे पैसे एफडीत टाकावेत. समजा २२,००० साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर तीन वर्षांनी साडेसव्वीस हजारांच्या पुढे जातात, आणि एफडी सर्व्हिस रेकॉर्ड मागत नाही.

वॉरंटी, विमा, पॅकेज: लोक इथे गोंधळतात

शोरूमच्या कोटेशनवर वॉरंटी, विमा, सर्व्हिस पॅकेज, रोडसाइड असिस्टन्स अशा चार ओळी एकाखाली एक असतात आणि चारही संरक्षणासारख्या वाचल्या जातात. पुण्यात जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं इंजिन हा वॉरंटीचा विषयच नाही. बंद गाडी बुडाली तर साधा पूर्ण विमा पैसे देतो, पण पाण्यात गाडी सुरू करून इंजिनात पाणी ओढलं गेलं तर विम्यावर जादा घ्यायचं इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. मुंबईत किंवा नदीकाठी राहणाऱ्याकडे एकाच गोष्टीचे पैसे असतील, तर मी त्याला आधी ते घ्यायला सांगेन. उंदरांचा प्रश्नही विम्याचा, पॉलिसी वाचून. कोकणात खारं वारं लागून पत्र्याला येणारा वरवरचा गंज ना इकडे ना तिकडे.

सर्व्हिस पॅकेज म्हणजे पुढच्या ऑइल-फिल्टरचे पैसे आज भरणं. त्याचा बिघाडाशी संबंध नाही. रोडसाइड असिस्टन्स गाडी ओढून आणतं, दुरुस्त करून देत नाही, आणि विम्यासोबत ते बऱ्याचदा आधीच घेतलेलं असतं. दोनदा घेऊ नका.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना बॅटरीची भीती घालून वॉरंटी विकतात. बॅटरीची हमी मुळातच वेगळी आणि लांब असते. टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांनाही आठ वर्षं आणि तेवढेच किलोमीटर ही हमी वर्षानुवर्षं मिळत आली. तुम्ही जी वाढीव घेताय ती बॅटरी सोडून उरलेल्या गाडीची आहे का, एवढंच विचारा. विकणारा क्षणभर गप्प झाला, की उत्तर मिळालं.

कुणाची वॉरंटी?

कंपनीची स्वतःची असेल तर देशभर कुठल्याही अधिकृत सेंटरला चालते. डीलरने स्वतःच्या नावाने किंवा तिसऱ्याच कंपनीकडून दिलेली वेगळी. प्रमाणपत्रावर कार बनवणाऱ्या कंपनीचं नाव नसेल तर एका क्लेमला जास्तीत जास्त किती रुपये, हे शोधा. वापरलेल्या गाडीवर मिळणाऱ्या वॉरंटीत तर इंजिन-गिअरबॉक्सपुरतंच संरक्षण असणं नेहमीचं. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूसारख्या ठिकाणी प्रमाणित गाडीवर वर्षभरापर्यंतची मिळते, ती किमतीत धरलेली असतेच.

बाहेरच्या गॅरेजमध्ये एकदा ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, आणि त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच करा. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तत्त्व तुमच्या बाजूचं आहे, पण गाडी सेंटरच्या रॅम्पवर आणि एस्टिमेट दोन लाखांचं असताना तत्त्वावर भांडायला सवड लागते. सवड असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

वायरिंग कापून बसवलेला हॉर्न, बाहेरून टाकलेलं सीएनजी किट, टॅक्सी परमिट: यातलं काही होणार असेल तर पैसे वाया.

भाच्याचं काय झालं

त्याची गाडी टर्बो ड्युअल क्लच. वर्षाला बारा-तेरा हजार किलोमीटर, सहा-सात वर्षं ठेवणार. म्हणजे मेहुण्याच्या रांगेतला. घे म्हटलं, पण लोनमध्ये नको. २४,६०० सात वर्षांच्या लोनमध्ये नऊ टक्क्यांनी घातले तर महिन्याला ३९६ रुपये वाढतात, आणि शेवटी सव्वातेहतीस हजार होतात. जे संरक्षण कंपनीची तीन वर्षं संपल्यावर चौथ्या वर्षी सुरू होणार, त्याचं व्याज पहिल्या महिन्यापासून, आणि वॉरंटी संपल्यावरही दोन वर्षं हप्ते. शिवाय डिलिव्हरीच्याच दिवशी घ्यायची सक्ती नसते. मूळ वॉरंटी संपेपर्यंत घेता येते, फक्त ठरावीक महिने उलटले की दर वाढतो. तो पहिला टप्पा कधी संपतो हे त्याने विचारून घेतलं, दिवाळीच्या बोनसमधून भरायचं ठरवलं, आणि सर्व्हिसच्या तारखा बायकोच्याही फोनमध्ये टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सुधारलेलं कोटेशन त्याने मला पाठवलं. वॉरंटीची ओळ गेली होती. टेफ्लॉन कोटिंग पण त्याने स्वतःच काढायला लावलं होतं. खाली एक ओळ तेवढी राहिली होती: उंदीर पळवणारा स्प्रे, १,८०० रुपये. ती काढ असं मी म्हटलं नाही. त्याचं पार्किंग भाजी मंडईला लागून आहे.