दादरचा बॅडमिंटन वर्ग आणि शनिवारची तासिका : एका पालकाचा अभिप्राय

दादर पश्चिमेला एका जुन्या क्रीडामंडळाच्या सभागृहात मुलांसाठी बॅडमिंटनचा प्रशिक्षणवर्ग चालतो. माझी मुलगी तिथे शिकते. वर्गाचे नाव छापू नये अशी तो चालवणाऱ्या सरांचीच इच्छा आहे, कारण सायंकाळच्या बॅचमध्ये नव्या मुलांना जागाच उरलेली नाही. परिसरात चौकशी केल्यास पत्ता सहज मिळेल.

सोयीसुविधांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोर्टवर सिंथेटिक मॅट आहे, प्रकाश पुरेसा आहे, पावसाळ्यात हवा कोंदट होते आणि लोकलच्या गर्दीच्या वेळी बॅच सुटत असल्याने उपनगरातून येणाऱ्या मुलांचे हाल होतात. लहान मुले नायलॉनच्या शटलने खेळतात, मोठ्यांना पिसांचे शटल मिळते आणि त्याचा खर्च फीव्यतिरिक्त द्यावा लागतो, हे प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगितले जाते. पायांची हालचाल, बॅकहँड, नेटजवळचा खेळ यांची तयारी चांगली करून घेतात. इतपत शिकवणारे वर्ग मुंबईत आणखीही सापडतील. हा वर्ग वेगळा ठरतो तो शनिवारच्या तासिकेमुळे, आणि खरे तर तिच्याविषयी लिहावे म्हणूनच हा अभिप्राय लिहायला घेतला.

शनिवारी सराव लवकर थांबवून सर मुलांना टीव्हीसमोर बसवतात आणि मोठ्या स्पर्धांमधल्या गाजलेल्या लढतींचे चित्रण दाखवतात. फटके कसे मारले यापेक्षा खेळाडू एकमेकांशी कसे वागले, यावर चर्चा होते. मी पाहिलेल्या तासिकांपैकी सर्वांत प्रभावी ठरली ती पी. व्ही. सिंधू आणि स्पेनची कॅरोलिना मरिन यांच्यावरची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सिंधूने पहिला गेम २१-१९ असा जिंकला, पण पुढचे दोन गेम १२-२१, १५-२१ असे गमावले. शेवटचा गुण मिळताच मरिन कोर्टवर कोसळून रडू लागली, तेव्हा हरलेली सिंधू नेटपलीकडे गेली, तिला उठवून मिठी मारली आणि मरिनची खाली पडलेली रॅकेट उचलून तिच्या सामानाजवळ नेऊन ठेवली. मुलांना हे दृश्य पाठ होते, ती खूश झाली. मात्र सर तिथे थांबले नाहीत. त्याच बैठकीत त्यांनी २०२३ च्या डेन्मार्क ओपनचा उपांत्य सामना लावला, ज्यात याच दोघींची भर कोर्टवर शाब्दिक चकमक झाली आणि पंचांना दोघींनाही पिवळे कार्ड दाखवावे लागले.

मुले गोंधळली, आणि तेच सरांना हवे होते. पिवळे कार्ड म्हणजे ताकीद, लाल कार्ड म्हणजे फॉल्ट आणि समोरच्याला गुण, काळे कार्ड म्हणजे स्पर्धेतून बाद, हे त्यांनी समजावून सांगितले. मग त्यांनी विचारले की रिओतली सिंधू खरी की डेन्मार्कमधली. बराच वेळ वाद चालला. आधीच्या चांगल्या वागण्याची पुण्याई पुढच्या सामन्यात चालत नाही, प्रत्येक सामन्यात ते नव्याने करावे लागते, इथवर मुले आपली आपण येऊन पोहोचली. एखाद्या खेळाडूला देव्हाऱ्यात बसवून मुलांना नुसता नमस्कार करायला लावण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी प्रामाणिक वाटते.

चुरस वाईट, मैत्री चांगली, असला भाबडा पाठही इथे दिला जात नाही. चीनचा लिन डॅन आणि मलेशियाचा ली चाँग वेई एकमेकांविरुद्ध चाळीस वेळा खेळले आणि त्यांपैकी २८ सामने लिन डॅनने जिंकले. २००८ आणि २०१२ अशा दोन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ली चाँग वेईला लिन डॅनकडूनच हार पत्करावी लागली, त्यातही लंडनचा निर्णायक गेम २१-१९ असा निसटला. रिओच्या उपांत्य सामन्यात अखेर लीने २२-२० असा शेवटचा गेम घेतला, आणि सामना संपल्यावर दोघांनी गळाभेट घेऊन एकमेकांशी जर्सी बदलली. या दोघांनी कधी एकमेकांना गुण सोडला असता, तर त्या गळाभेटीला काही किंमत उरली असती का, हा सरांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. आपल्याकडे अनेक पालकांची, विशेषतः मुलींच्या पालकांची, अशी समजूत असते की खिलाडूपणा म्हणजे मवाळपणा. या वर्गात ती समजूत पहिल्या काही महिन्यांतच गळून पडते. मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी २०२२ च्या थॉमस चषकाच्या, म्हणजे पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेच्या, अंतिम लढतीत इंडोनेशियाच्या जोडीचे मॅच पॉइंट वाचवून विजय मिळवला, त्याचे चित्रण पाहताना मुलांनी सभागृह डोक्यावर घेतले आणि सरांनी त्यांना मुळीच गप्प केले नाही. आनंद आपल्या बाजूला तोंड करून करावा, समोरच्याच्या तोंडावर करू नये, एवढेच त्यांचे म्हणणे असते.

मोठ्या मुलांच्या बॅचला लंडन ऑलिंपिकचे प्रकरणही दाखवतात. २०१२ मध्ये महिला दुहेरीच्या चार जोड्या, चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन, पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून गटातले सामने मुद्दाम हरू पाहत होत्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि चारही जोड्या अपात्र ठरल्या. पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळत असेल तर हरण्यात चूक काय, असे एका मुलाने सरळ विचारले. सरांनी त्याला दटावले नाही. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला काय मिळाले आणि त्या निकालावर ज्यांचे पुढे जाणे अवलंबून होते त्या इतर जोड्यांचे काय, हे त्यालाच फळ्यावर गट मांडून शोधायला लावले. त्या अपात्र ठरलेल्यांपैकी इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली हिने पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये अप्रियानी राहायूच्या साथीने सुवर्णपदक जिंकले, हेही आवर्जून सांगितले. चुकलेल्या खेळाडूची गोष्ट चुकीपाशीच संपवायची नाही, ही दृष्टी लहान वयात मिळणे महत्त्वाचे आहे.

चर्चेनंतर पंचाविना सामने होतात. आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय आपण द्यायचा, आणि शंका आली तर गुण समोरच्याचा. मी गॅलरीत बसलेली असताना माझ्या मुलीची नेहमीची प्रतिस्पर्धी १९-१९ वर नेटजवळचे शटल अलगद टाकून गुण जिंकली. माझ्या मुलीने गुण गमावल्याचे मान्य करून शटल उचललेही होते. इतक्यात ती मुलगी म्हणाली, "सर, माझी रॅकेट नेटला लागली." नेटची पट्टी किंचित हलली असेल, पण वरून आम्हाला कोणालाच ते दिसले नव्हते. सरांनी शाबासकी दिली नाही, फक्त गुणफलक माझ्या मुलीच्या बाजूने २०-१९ असा बदलला. पुढच्याच सर्व्हिसवर त्याच मुलीने इतका जोरदार स्मॅश मारला की माझी मुलगी जागची हलली नाही.

तक्रार करायची तर ती पालकांच्या बाबतीत आहे, आणि ती गंभीर आहे. मुलांवर एवढी मेहनत घेणारे सर गॅलरीतून "आउट, आउट" असे ओरडणाऱ्या वडिलांना एका शब्दानेही अडवत नाहीत. एक आई तर प्रत्येक गुणानंतर मुलाला खुणा करत असते. रेषेचा निर्णय कोर्टवरच्या मुलानेच द्यायचा असेल, तर तो नियम गॅलरीलाही लागू हवा. मी ही सूचना लेखी दिली आहे आणि विचार करू, असे उत्तर मिळाले आहे. शिवाय दहा वर्षांखालील मुलांना शनिवारच्या तासिकेत बसू देत नाहीत. सर्व्हिस करताना "लव्ह ऑल", म्हणजे शून्य-शून्य, म्हणायला शिकलेले मूल सिंधू-मरिनची गोष्टही समजू शकते, त्यामुळे हे मला पटत नाही.

दहा वर्षांवरील मुलांसाठी हा वर्ग मी निःसंकोच सुचवते. ज्यांना केवळ जिल्हा आणि राज्य स्पर्धांतले निकाल झटपट हवे आहेत, त्यांनी दुसरीकडे चौकशी करावी, कारण इथे आठवड्यातल्या एका सरावाचा वेळ चर्चेत जातो आणि त्याची भरपाई केली जात नाही. प्रवेशापूर्वी शनिवारची एक तासिका मागे बसून पाहता येते, त्यासाठी आदल्या दिवशी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. नव्या मुलांना सध्या सकाळच्या बॅचमध्येच घेतात.