पदवीधर मतदार नोंदणी: सभागृह कायमचं, यादी दर वेळी कोरी

विधानसभेच्या यादीत नाव आहे, म्हणजे पदवीधरच्या यादीतही असणारच, असं धरून चालणारे लोक मतदानाच्या दिवशी केंद्रावरून हात हलवत परततात. मागच्या वेळी मत दिलं होतं, ही सबबही चालत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी दर निवडणुकीआधी शून्यापासून बनते. जुनी यादी रद्दी. नोंदणीच्या या सेवेचा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो नमुना 18 च्या, म्हणजे पदवीधराच्या नोंदणीच्या, अर्जात नाही.

मूळ आहे सदस्यांच्या निवृत्तीच्या पाळीत. घटनेच्या कलम 172 नुसार विधान परिषद बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. हे रहाटगाडगं सुरू करायचं तर पहिल्या खेपेच्या काही सदस्यांची मुदत मुद्दाम छाटावी लागते, म्हणून लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 156 मध्ये तशी सोय आहे. पुढे प्रत्येकाला पुरी सहा वर्षं. महाराष्ट्रात 78 जागांपैकी 7 पदवीधरांच्या: पुणे, औरंगाबाद, नागपूर यांची निवडणूक 2020 मध्ये झाली, नाशिक आणि अमरावतीची 2023 मध्ये, मुंबई आणि कोकणची 2024 मध्ये. नाशिकला गडबड चाललेली असते तेव्हा पुण्याचा पदवीधर निवांत, आणि त्याची पाळी येईपर्यंत कागद कुठल्या फायलीत गेले ते त्यालाच आठवत नाही.

शिवाय पाळी एकदा सरकली की सरकलेलीच राहते. 2020 च्या जागा जुलैतच रिकाम्या झाल्या होत्या, करोनामुळे मतदान 1 डिसेंबरला झालं. सहा वर्षं तिथून मोजायची, त्यामुळे ती मुदत 2026 च्या डिसेंबरपर्यंत गेली. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या 22 जागांचं तर विचारूच नका. तिथे मत देतात या संस्थांचे निवडून आलेले सदस्य. महापालिका आणि जिल्हा परिषदाच निवडून आलेल्या नसतील तर मतदार आणायचे कुठून?

आता प्रत्यक्ष अर्ज. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता ज्या दिवशी मोजतात तो दिवस, 1 नोव्हेंबर. त्याच्या आधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली हवी, आणि ही तीन वर्षं विद्यापीठानं निकाल जाहीर केला त्या तारखेपासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नाही. निकाल जून 2022 चा असेल तर 1 नोव्हेंबर 2025 ला तुम्ही पात्र. एटीकेटी सुटून डिसेंबर 2022 ला लागला असेल तर नाही. पदवी कुठल्याही भारतीय विद्यापीठाची चालते, राहणं मात्र त्या मतदारसंघात हवं.

जोडायचं काय, तर फोटो, रहिवासाचा पुरावा आणि पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. नुसती झेरॉक्स दिली की अर्ज अडकतो. मूळ प्रमाणपत्र सोबत नेलं तर तहसील कार्यालयातले पदनिर्देशित अधिकारी तिथेच पडताळून सही करतात. नोटरीच्या दारात जाण्यापेक्षा हे सोपं. खरी गोची नावाची. पदवीवर माहेरचं नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचं, आणि मध्ये पुरावा काहीच नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आधीच लावून टाका.

पक्षाच्या कार्यकर्त्याकडे गठ्ठ्यानं दिलेले अर्ज घेतले जात नाहीत. घरातल्या एकानं सगळ्या घराचे, किंवा संस्थाप्रमुखानं कर्मचाऱ्यांचे एकत्र दिले तर चालतात. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन सोयही असते. शिक्षकांना नमुना 19 वेगळा: मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा वरच्या वर्गांना शिकवल्याचा संस्थाप्रमुखाचा दाखला. शिक्षक पदवीधरही असेल तर दोन अर्ज, दोन मतं.

वेळापत्रक मात्र चोख. सप्टेंबरअखेर किंवा 1 ऑक्टोबरला जाहीर सूचना, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ज, महिनाअखेरीस प्रारूप (कच्ची) यादी, 30 डिसेंबरच्या सुमारास अंतिम. म्हणजे अर्ज भरायचे ऐन दिवाळीच्या दिवसांत! प्रारूप यादी उघडून नाव आणि आडनावाची जोडणी बघाच, कारण हरकतीचे दिवस थोडे. पुरवणीत नंतरही नाव घालता येतं, पण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की दार बंद.

अर्जाला दहापैकी सात गुण देता येतील, व्यवस्थेला तीन. सदस्यांची पाळी बदलायची तर घटनादुरुस्ती लागेल. यादी जपून ठेवून दरवर्षी भर घालायला घटनेचा अडसर कुठेच नाही.

नाव लागलंच तर एक सांगून ठेवतो. इथे बटण नाही, मतपत्रिका आहे. पसंतीच्या उमेदवारापुढे 1 हा आकडा लिहायचा, पुढच्या पसंत्या ऐच्छिक. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, बरोबरची खूण केली, दोघांपुढे 1 टाकला, सही ठोकली, तर मत बाद. आणि केंद्रावर देतात तेच जांभळं स्केचपेन वापरायचं, खिशातलं बॉलपेन खिशातच राहू द्या.