स्वस्तातलं मेमरी कार्ड आणि बाबांच्या कॅसेटी

ताईचा रात्री मेसेज आला, "अगं, बाबांची ती पावसाची कॅसेट पाठव ना, पोरांना ऐकवायचीय." म्हटलं, दोन मिनिटांत पाठवते. रेकॉर्डरमधलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, फोल्डर उघडला. फाइल जागेवर होती. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार ४९४ एमबी, म्हणजे कॅसेटच्या तीस मिनिटांच्या एका बाजूला हवा तेवढाच. डबल क्लिक केलं. प्लेअरचं उत्तर आलं, ही फाइल उघडता येत नाही.

दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. मग फाइलच्या आतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये ती उघडली. रेकॉर्डर आवाज वेव्ह नावाच्या प्रकारात साठवतो, आणि वेव्ह फाइलच्या सुरुवातीला तिची ओळख सांगणारी काही अक्षरं असतात. इथे पहिल्या ओळीपासून शून्यं. खाली सरकत गेले, आणखी शून्यं. पाचशे एमबी भरून नुसती शून्यं.

नातेवाइकांत मी "फोन घ्यायचाय? आधी हिला विचारा" या खात्यातली. कोणाला इअरफोन घ्यायचे असोत, कोणाचा टॅब हँग होत असो, विचारणा माझ्याकडे होते. त्यामुळे मी फसले हे सांगायला महिनाभर लाज वाटत होती. आता सांगते, कारण या फसवणुकीची रचनाच अशी आहे की चार गोष्टी कळणारा माणूसही तिच्यात आरामात अडकतो.

बाबा नोकरीमुळे वर्षातले बरेच महिने लांब असायचे. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे. तीस मिनिटं एका बाजूला, तीस दुसऱ्या. बाजू संपत आली की ते घाईघाईने बोलायला लागायचे, कारण खिडकीतून त्यांना दिसायचं किती टेप उरलीय. "आता पलटा," असं म्हणायचे आणि खट्. अशा बारा कॅसेटी होत्या. शिवाय रेडिओवरून भरलेली गाणी, शाळेतल्या स्पर्धा, आमचं भावंडांचं भांडण (आईने मुद्दाम रेकॉर्ड करून ठेवलेलं), सगळ्या मिळून बेचाळीस.

गेल्या वर्षी ठरवलं की हे सगळं डिजिटल करायचं. जुना डेक दुरुस्त करून घेतला, त्याच्या लाइन-आउटमधून हातात मावणाऱ्या छोट्या रेकॉर्डरला तार जोडली. आवाजाचा दर्जा ठेवला चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, स्टिरिओ. या हिशोबाने तासाला साधारण एक जीबी लागते. बेचाळीस कॅसेटींना चौसष्ट जीबीचं कार्ड पुरून उरलं असतं. पण एका ऑनलाइन बाजारात ५१२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड चौसष्टच्या भावात दिसलं. नाव एका प्रसिद्ध कंपनीचं, डबी तशीच, रंग तसाच. हजारो परीक्षणं, बहुतेकांनी पाच तारे दिलेले. मनात म्हटलं, असू दे मोठं, पुढे फोटोही टाकता येतील.

कार्ड आल्यावर मी ते तपासलंही होतं, हे मुद्दाम सांगते. लॅपटॉपने क्षमता ४७६ जीबी दाखवली. ५१२ चं कार्ड असंच दिसतं, कारण कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज त्याहून मोठं माप वापरतं. म्हणजे तो आकडाही खऱ्यासारखाच. मग दोन जीबीचा एक व्हिडिओ टाकला, परत उघडला, छान चालला. मी समाधानाने मान डोलावली.

कार्डात किती जागा आहे हे लॅपटॉप मोजत नाही, तो कार्डालाच विचारतो. पंधरा मिलिमीटर लांब आणि अकरा रुंद असल्या त्या चिपटीत साठवणुकीच्या चिपबरोबर एक छोटा कंट्रोलरही असतो, म्हणजे जवळजवळ एक इवलासा संगणक. तो असावाच लागतो, कारण साठवणुकीच्या चिपमध्ये काही कप्पे मुळातच खराब असतात आणि वापरून आणखी खराब होत जातात. कुठला कप्पा टाळायचा, कुठला बदली वापरायचा याचा हिशोब तो ठेवतो. त्याच्यावर प्रोग्रॅम चालतो, आणि प्रोग्रॅम म्हटला की बदलता आला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गला केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर मंडळींच्या परिषदेत 'बनी' या टोपणनावाने ओळखला जाणारा अँड्र्यू हुआंग आणि त्याचा सहकारी शॉन क्रॉस यांनी काही कार्डांच्या कंट्रोलरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवून दाखवला होता. फसवणारे करतात ते त्या मानाने अगदी पोरखेळ. आत बत्तीस जीबीची चिप घालायची आणि कंट्रोलरला पढवायचं, कोणी विचारलं तर पाचशे बारा सांग.

बत्तीस जीबी भरेपर्यंत सगळं खरोखर नीट साठतं. त्यानंतर काही कार्डं नवीन मजकूर पुन्हा पहिल्या जागेवर लिहायला लागतात, म्हणजे जुनं खरवडून त्यावर नवं. काही कार्डं "लिहिलं" असं सांगतात आणि टाकून देतात. माझं दुसऱ्या जातीचं होतं. फायलींची नावं, तारखा, आकार यांची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या खऱ्या भागात राहते, म्हणून ती शाबूत. घरांच्या दारांवर पाट्या सगळ्या, आत घरच नाही.

माझ्या मते यातली खरी चलाखी क्षमतेच्या खोट्या आकड्यात नाही, उशिरात आहे. कॅसेट तासभराची असेल तर ती भरायला तासच लागतो, घाई करता येत नाही. रविवारी दोन कॅसेटी, कधी एकच. बत्तीस जीबी भरायला मला साडेतीन-चार महिने लागले. माल परत करायची मुदत तोवर कधीच टळली होती. आणि ती पाच ताऱ्यांची परीक्षणं? मी नंतर रात्री बसून शंभरेक वाचली. काही विकत घेतलेली असतीलही, पण बरीचशी मला प्रामाणिक वाटली. "कालच मिळालं, मस्त आहे." "फोनमध्ये लगेच ओळखलं." "पॅकिंग चांगलं." ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांचं कार्ड अजून भरलेलं नाही, एवढंच. वर्षभराने त्यांचे फोटो उघडणार नाहीत तेव्हा ती म्हणतील फोन बिघडला, कार्ड जुनं झालं, माझ्याच हातून काही डिलीट झालं असेल. खराब होण्याचं खापर काळावर फुटतं, विकणाऱ्यावर नाही.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आडवी आली. रेकॉर्डिंग चालू असताना मी पूर्ण वेळ हेडफोन लावून बसायचे. बाबांचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा, रेकॉर्डरवर आवाजाची पातळी दाखवणारे पट्टे वरखाली नाचायचे. पण हेडफोनला ऐकू येतो तो तारेतून आत येणारा आवाज. कार्डावर काय उमटलंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्या पाच-सहा कॅसेटी मी नंतर परत लावून ऐकल्या होत्या. मग सोडून दिलं. रोज कोण ऐकत बसतं, चालतंय की.

आणि सुरुवातीला हात बसावा म्हणून मी गाणी, स्पर्धा, भांडण असल्या तीस कॅसेटी आधी घेतल्या होत्या. आवाजाची पातळी किती ठेवायची, डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, किती दिवसांनी पुसायचं, हे सगळं शिकून झाल्यावर बाबांच्या शेवटी घ्यायच्या, असं शहाणपणाने ठरवलं होतं. त्यामुळे रेडिओवरच्या जाहिराती एकही अक्षर न गळता जपल्या गेल्या आणि बाबांच्या बाराच्या बारा गेल्या.

संशय आल्यावर आधी कार्डावर जे उघडत होतं ते सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं. मग कार्ड फॉरमॅट करून एच२टेस्टडब्ल्यू चालवलं. जर्मनीच्या सी-टी या संगणक मासिकाचं हे जुनं आणि फुकट साधन आहे, विंडोजवर चालतं. ते कार्ड काठोकाठ भरतं, एक-एक जीबीच्या फायली टाकत, आणि मग प्रत्येक बाइट परत वाचून टाकलेला आणि सापडलेला एकच आहे का ते पाहतं. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी एफ३ नावाचं असंच साधन आहे. संध्याकाळी लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिणं संपलं, मग वाचायला सुरुवात. वेगावरूनही शंका यायला हवी होती. कार्डावर व्ही३० छापलं होतं, म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला निदान तीस एमबी. प्रत्यक्षात दहाच्या आसपास रखडत होतं. निकाल आला: तीस जीबीच्या आत सगळं ठीक, पुढचं सगळं हरवलेलं. तो लाल झालेला मजकूर बघून खरं सांगायचं तर बरंच वाटलं. माझ्या हातून डिलीट झालं नव्हतं.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगते. आधी म्हणाला, तुमच्या कार्ड रीडरमध्ये दोष असेल. मग म्हणाला, फॉरमॅट करून पाहा. (फॉरमॅट केलं की ते पुन्हा निरागसपणे ५१२ दाखवतं, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.) चाचणीचा स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा एकदम मवाळ झाला. अर्धे पैसे परत देतो, परीक्षण लिहिलं असेल तर काढून टाका. मी नाही म्हटलं. त्यानंतर उत्तर आलं नाही. बाजाराच्या तक्रार विभागाने मुदत संपल्याचं कळवलं.

एकाने सुचवलं, डेटा रिकव्हरीला दे. खोडलेली फाइल परत मिळते ती तिचे बाइट कुठेतरी शिल्लक असतात म्हणून. इथे ते कधी लिहिलेच गेले नव्हते. हे माहीत नसेल तर माणूस त्या धंद्यातही वर पैसे घालून बसतो, म्हणून सांगितलं.

आता माझी स्वतःची चूक, जी विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. बाबांच्या बारापैकी दहा कॅसेटी अजून आहेत. त्या मी पुन्हा लावल्या, पुन्हा तास तास बसले, सगळ्या झाल्या. पण उरलेल्या दोन कॅसेटींची अवस्था पहिल्या खेपेलाच वाईट होती. एकीचा थर सुटून हेडवर तपकिरी भुकटी जमत होती, दर दहा मिनिटांनी थांबवून पुसावं लागे. दुसरी रेकॉर्डिंग संपता संपता डेकने खाल्ली. रोलरभोवती टेप गुंडाळली गेली, सोडवताना तीन ठिकाणी तुटली. त्या दोन्ही मी फेकून दिल्या. अगदी निर्धास्तपणे. फाइल तर आहे ना, मग हा कचरा कशाला. पावसाची कॅसेट त्या दोनातली एक.

ताईला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. "सुरुवात मला पाठ आहे," म्हणाली, आणि बाबांच्या आवाजात पहिली दोन वाक्यं म्हणून दाखवली. मला त्यातलं एकच आठवत होतं.

आता कार्ड असो, पेनड्राइव्ह असो, हातात पडलं की त्याच दिवशी काठोकाठ भरून तपासते, परतीची मुदत चालू असताना. ५१२ च्या खऱ्या कार्डालाही त्यात काही तास जातात. रात्री लावून झोपायचं. वेष्टन, छपाई, होलोग्राम यांवरून ओळखायचा नाद मी सोडला, कारण ते सगळं छापता येतं. हल्ली सोळा टीबीच्या म्हणून ज्या पोर्टेबल ड्राइव्ह कवडीमोलाने विकतात, त्यांतल्या कित्येक लोकांनी फोडून पाहिल्या आहेत. आत एखादं मायक्रोएसडी कार्ड गोंदाने चिकटवलेलं असतं. आणि कुठलंही रेकॉर्डिंग दोन जागी जाऊन दोन्हीकडून ऐकून झाल्याशिवाय मूळ वस्तूला हात लावत नाही.

त्या कार्डाखाली मी एक तारा देऊन सगळं लिहिलं. चाचणीचा निकाल, शून्यांचा फोटो, कसं तपासायचं ते, सविस्तर. चार दिवसांनी त्याखाली एका गिऱ्हाइकाचा प्रतिसाद आला: "तुमचं कार्ड खराब निघालं असेल. माझं एकदम मस्त चालतंय, आठवडा झाला घेऊन."